श्रीलंका पुस्तकांसोबत फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेला निघालेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एका जागी आणले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एक आग्रह मात्र बहुतेक उत्तरांत दिसेल. या देशात एकाच पुस्तकावर विसंबू नका. दक्षिणेतलं एक वाचलंत तर उत्तरेतलंही एक वाचा. सिंहली घरातली गोष्ट वाचलीत तर तमिळ घरातलीही वाचा.

१. जाण्याआधी एकच पुस्तक वाचायला वेळ आहे. कोणतं वाचू?

श्याम सेल्वादुराई यांचं 'फनी बॉय' (१९९४). एकमेकांत गुंफलेल्या सहा कथा आहेत, इंग्रजी सोपं आहे आणि गोष्ट पहिल्या पानापासून पकड घेते. कोलंबोतल्या सुखवस्तू तमिळ कुटुंबातला अर्जी हा मुलगा वाढतो आहे. आपण इतर मुलांसारखे नाही, आपल्याला मुलगे आवडतात, हे त्याला हळूहळू उमगतं आणि त्याच वेळी घराबाहेरचं शहर त्याच्या कुटुंबाला परकं मानू लागतं. शेवट जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींत होतो. लेखकाची आई सिंहली आणि वडील तमिळ. दोन्ही समाजांतली माणसं या पुस्तकात पूर्ण माणसं म्हणून येतात, म्हणून पहिलं पुस्तक हेच सुचवतो. वेळ झाला तर दुसरं कोणतं घ्यावं, ते तुमच्या मार्गावर ठरेल. प्रश्न ६ ते १२ पाहा.

२. मला सिंहली येत नाही, तमिळही येत नाही. इंग्रजीतून वाचलं तर खरं स्थानिक साहित्य निसटून जाईल का?

काही निसटेल, पण बरंच हाती लागेल. श्रीलंकेचं साहित्य तीन भाषांत लिहिलं जातं आणि इंग्रजी ही तिथल्या काही लेखकांची स्वतःची भाषा आहे. फक्त मूळ इंग्रजीत लिहिणारे लेखकच वाचायचे, असं करू नका. त्यात कोलंबोतला उच्चभ्रू वर्ग आणि परदेशी स्थायिक झालेली मंडळी यांचं प्रमाण बरंच आहे. खेड्यातला शेतकरी, मळ्यातली कामगार बाई, जाफन्यातला दलित ही माणसं बहुतेक वेळा अनुवादांतून भेटतात.

मायकेल ओंडात्जे यांनी १९९२ साली मिळालेल्या बुकर पुरस्काराच्या रकमेतून श्रीलंकेत ग्रेशियन पुरस्कार सुरू केला. तो देणारा न्यासच अनुवादासाठी एच. ए. आय. गुणतिलक पुरस्कारही देतो. दुकानात अनोळखी अनुवाद हाती आला आणि वेष्टनावर हे नाव दिसलं, तर निःशंक घ्या.

३. मराठीतून काही वाचता येईल का?

येईल, आणि ते फार मोलाचं आहे: धर्मानंद कोसंबी यांचं आत्मचरित्र 'निवेदन'. गोव्यातल्या सांखवाळचा, औपचारिक शिक्षण फारसं न मिळालेला एक तरुण बौद्ध धर्म मुळातून शिकायचा म्हणून घर सोडतो आणि १९०२ साली सिलोनला पोहोचतो. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात, तो सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकतो आणि तिथंच श्रामणेर (नवदीक्षित भिक्खू) होतो. वाट्याला येणाऱ्या अडचणी आणि माणसांचा चांगुलपणा कोसंबी ज्या निरलंकृत मराठीत सांगतात, तशी मराठी आज वाचायला मिळणं कठीण. विद्योदय परिवेण कोलंबोत मालिगाकंद इथं आहे. 'निवेदन' वाचलेल्या मराठी माणसानं तिथं जावंच, असं मला मनापासून वाटतं.

बाबासाहेब आंबेडकरही १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. तेव्हा कँडीत बुद्धाच्या दाताच्या अवशेषाच्या दंतमंदिराबरोबर हा धागाही लक्षात असू द्या.

४. पुस्तकं इथूनच न्यावीत की तिथं घ्यावीत?

प्रवास सुरू करायला लागतील ती एक-दोन इथून न्या, बाकीची तिथं घ्या. अरुदप्रगासम (प्रश्न १२), करुणातिलक (प्रश्न ६), ओंडात्जे यांची पुस्तकं भारतात सहज मिळतात. स्थानिक प्रकाशकांनी काढलेली पुस्तकं इथं शोधण्यात मात्र दिवस वाया जातात.

कोलंबोत विजिता यापा आणि सरसवी यांच्या दुकानांत श्रीलंकन लेखकांसाठी वेगळं कपाट असतं. दुकानदाराला थेट तेच विचारा. एम. डी. गुणसेन हे जुनं नाव, सिंहली पुस्तकांसाठी. गॉल रोडवरच्या बेअरफूटमध्ये हातमागाच्या कापडाशेजारी निवडक पुस्तकं मांडलेली असतात. किंमत थोडी चढी, पण निवड चांगली. तमिळ पुस्तकांसाठी पूबालसिंगम यांचं दुकान, कोलंबोत आणि जाफन्यात. परेरा-हुसैन या प्रकाशनाचं नाव लक्षात ठेवा. नवे स्थानिक इंग्रजी लेखक त्यांच्याकडे सापडतात.

जुन्या पुस्तकांचा नाद असेल तर डी. आर. विजेवर्धन मावतावर टपऱ्यांची रांग आहे. तिथं शालेय गाइडांच्या ढिगाखाली चांगली पुस्तकं निघतात, घासाघीस चालते. खूप जुनं काही हाती लागलं तर पैसे देण्याआधी प्रश्न १७ वाचा.

५. पुस्तकांच्या हिशेबानं कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबर. तो तिथं साहित्याचा महिना मानला जातो आणि कोलंबोच्या बंडारनायके सभागृहाच्या आवारात आंतरराष्ट्रीय पुस्तक प्रदर्शन भरतं. शाळांच्या बसगाड्या, पिशव्या भरभरून नेणारी कुटुंबं, मुलांच्या पुस्तकांपुढची झुंबड हे सगळं पाहण्यासारखं असतं. २००७ साली सुरू झालेला गॉल साहित्य महोत्सव हिवाळ्यात होतो. मध्ये काही वर्षं तो बंद होता, त्यामुळे त्या वर्षीच्या तारखा पाहूनच तिकीट काढा. दोन्हींपैकी एकच निवडायचं तर मी पुस्तक प्रदर्शन निवडीन. महोत्सवात लेखक भेटतात, प्रदर्शनात देशाचे वाचक भेटतात.

निघण्याआधी दिनदर्शिकेत पौर्णिमा पाहून घ्या. दर पौर्णिमेला तिथं पोया म्हणून सार्वजनिक सुट्टी असते आणि पुस्तकांची बरीच दुकानं बंद असतात. आपली पौर्णिमा आणि त्यांची पोया यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

६. कोलंबोत दोनच दिवस आहेत. शहर कोणत्या पुस्तकाबरोबर पाहावं?

शेहान करुणातिलक यांची 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' (बुकर, २०२२). युद्धछायाचित्रकार माली मरतो आणि परलोकातल्या कचेरीत जागा होतो. आपल्याला कुणी मारलं हे शोधायला त्याच्यापाशी सात रात्री आहेत. काळ १९८९-९० चा. उत्तरेत तमिळ वाघ, दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या पक्षाचा उठाव, भारतीय शांतिसेना आणि सरकारची मारेकरी पथकं, असं सगळं एकाच वेळी चालू होतं. आज बेरा तलावाच्या काठी हंसाच्या होड्या दिसतात, आजूबाजूला काचेचे मनोरे उभे आहेत. कादंबरीत मालीचं प्रेत याच तलावात टाकलं जातं. पुस्तक वाचून त्या काठावर उभं राहिलात की चकचकीत कोलंबोखालचं दुसरं कोलंबो दिसू लागतं.

जुनं, संथ कोलंबो हवं असेल तर सेल्वादुराईंचीच 'सिनॅमन गार्डन्स' घ्या. ती १९२० च्या दशकातल्या धनाढ्य तमिळ कुटुंबांची गोष्ट आहे. त्या वस्तीतले रस्ते अजूनही झाडांच्या सावलीत आहेत. विहारमहादेवी उद्यानाजवळचं सार्वजनिक ग्रंथालयही तिथून चालत गाठता येतं.

७. दक्षिण किनाऱ्यावर समुद्रापलीकडे वाचकासाठी काय आहे?

खूप आहे. मला तर वाचकासाठी हाच देशाचा सर्वांत भरलेला पट्टा वाटतो.

गॉलच्या पुढे कोग्गला. आधुनिक सिंहली कादंबरीचे जनक मार्टिन विक्रमसिंघे (१८९०-१९७६) इथले. त्यांची 'गम्पेरळिय' १९४४ साली आली. इंग्रजीत ती 'अपरूटेड' या नावानं वाचता येते. गावातलं एक जुनं, मानी घराणं. त्या घरी शिकवायला येणारा, त्यांच्या लेखी हलक्या कुळातला पियल व्यापारात पैसा कमावतो आणि घराण्याची पत उतरत जाते. खोतांच्या वाड्यांची पडझड पाहिलेल्या कोकणी वाचकाला यातली माणसं ओळखीची वाटतील. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कोग्गल्यात विमानतळ उभारला आणि गावकऱ्यांना उठावं लागलं. कादंबरी निघाली तोवर लेखकाचं स्वतःचंच गाव विस्कटलं होतं. त्यांचं राहतं घर आता लोकजीवन संग्रहालयाचा भाग आहे. नांगर, मासेमारीची साधनं, मुखवटे, बैलगाड्या तिथं मांडल्या आहेत. कादंबरीत नुसती नावानं भेटलेली कितीतरी भांडी-अवजारं इथं डोळ्यांनी पाहायला मिळतात, म्हणून आधी वाचा आणि मग जा. लेस्टर जेम्स पेरिस यांनी या कादंबरीवर केलेल्या चित्रपटाला दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला होता.

आणखी पूर्वेला हंबनटोटा. लेनर्ड वुल्फ १९०८ ते १९११ इथं ब्रिटिश सरकारचे अधिकारी होते. नोकरी सोडल्यावर १९१३ साली त्यांनी 'द व्हिलेज इन द जंगल' लिहिली. दुष्काळ, सावकारी, मुखियाची दांडगाई आणि रान यांच्या कचाट्यात एक खेडं नामशेष होतं. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यानं शेतकऱ्याच्या बाजूनं इतक्या आतून लिहावं, हे त्या काळात दुर्मीळ होतं. सिंहली वाचकांनी अनुवादातून ही कादंबरी आपलीशी केली आहे. याल अभयारण्याला जाणाऱ्यांनी जीपमध्ये बसण्याच्या आदल्या रात्री ती वाचावी. दुसऱ्या दिवशी बिबट्याइतकंच लक्ष रानाच्या कडेच्या शेतांकडे जाईल.

८. सिगिरियाच्या भिंतीवर कविता आहेत म्हणतात. त्या वाचता येतात का?

नुसत्या डोळ्यांनी नाही. कश्यप राजाचा हा पाचव्या शतकातला गड. राजा गेल्यावर पुढची कित्येक शतकं लोक तो बघायला येत राहिले आणि कातळावरच्या चित्रांतल्या स्त्रिया पाहून वाटेतल्या गुळगुळीत आरशाच्या भिंतीवर ओळी कोरून गेले. प्रामुख्यानं आठव्या ते दहाव्या शतकांतलं हे लेखन आहे. सेनरत परणवितान यांनी त्यातली ६८५ पद्यं वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. सिंहली कवितेचे इतके जुने नमुने क्वचितच उरले आहेत.

लिहिणाऱ्यांत भिक्खू आहेत, सैनिक आहेत, स्त्रियाही आहेत. कुणी चित्रातल्या स्त्रीला बोलत नाहीस म्हणून रागावतो, कुणी तिच्या शोकाची कल्पना करतो. काही बायका तर या दगडी सुंदऱ्यांवर भाळणाऱ्या पुरुषांची खोड काढतात. भिंतीवरची अक्षरं बारीक आणि झिजलेली आहेत, लोकांची रांग मागून ढकलत असते. म्हणून अनुवादित पद्यांची काही पानं आधीच काढून ठेवा, वर चढण्यापूर्वी पायथ्याच्या बागेत सावलीत बसून वाचा आणि पहाटे लवकर निघा.

आपणही नाव कोरावं, असा मोह कुणाला होत असेल तर तो गुन्हा आहे. २०१५ साली या भिंतीवर नाव कोरल्याबद्दल एका तरुणीला दोन वर्षांची कैद सुनावली गेली होती. पुढे तिला राष्ट्रपतींनी माफी दिली.

९. घरचे म्हणतात रामायणातली लंका पाहू. ती पुस्तकांत कुठं सापडेल?

भारतीय पर्यटकांसाठी आखलेल्या रामायण सहलीत सापडेल त्यापेक्षा फार गोड रूपात ती एका सिंहली काव्यात सापडेल. पंधराव्या शतकात श्री राहुल या भिक्खूनं 'सेललिहिणि संदेशय' लिहिलं. कालिदासाच्या 'मेघदूता'चीच ही परंपरा, फक्त दूत म्हणून ढगाऐवजी एक पाखरू आहे. साळुंकीच्या जातीचा हा पक्षी कोट्टे राजधानीतून निघतो आणि केलनियाच्या देवळात निरोप पोहोचवतो: राजकन्येला पुत्र होवो. ज्या देवाला ही विनवणी केली आहे तो म्हणजे विभीषण! सिंहली परंपरेत विभीषण हा बेटाचा रक्षक देव आहे आणि केलनियाच्या विहारात आजही त्याचं देवालय आहे.

कोट्टे आणि केलनिया दोन्ही आता कोलंबोच्या पसाऱ्यात आली आहेत. पाखराचा हा प्रवास बसनं एका दुपारी होतो. अनुवाद घेऊन निघा, वाटेतली वर्णनं आणि आजची वाहतूक शेजारी शेजारी पाहा आणि संध्याकाळी केलनियात पोहोचा. घरच्यांना विभीषणाचं दर्शन घडेल आणि तुम्हाला काव्य भेटेल. सीता एलियाचं मंदिरही नुवारा एलियाच्या वाटेवर आहे, तिथं जरूर जा. पण बेटाचा प्राचीन इतिहासग्रंथ सुरू होतो तो बुद्धाच्या भेटींनी आणि विजय राजपुत्राच्या आगमनानं. रावणाची कथा त्याचा आधार नाही.

१०. तो इतिहासग्रंथ म्हणजे 'महावंस'. तो वाचायलाच हवा का?

पूर्ण नको, पण अनुराधापुराला जाणार असाल तर निवडक प्रकरणं हवीत: अशोकपुत्र महिंदाचं आगमन, बोधिवृक्षाची फांदी आणि सिंहली राजा दुट्ठगामणी व एळार यांचं युद्ध. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास महाविहारातल्या भिक्खूंनी हा पाली ग्रंथ रचला. विल्हेल्म गायगर यांचा इंग्रजी अनुवाद १९१२ पासून उपलब्ध आहे.

पंचविसाव्या प्रकरणातला एक प्रसंग मात्र थांबून वाचा. तमिळ राजा एळाराला हरवल्यावर दुट्ठगामणीला इतक्या माणसांच्या मृत्यूचं दुःख होतं. तेव्हा अर्हत, म्हणजे निर्वाण गाठलेले भिक्खू, त्याची समजूत घालतात की खऱ्या अर्थानं माणूस म्हणावेत असे फक्त दीडच मारले गेले, कारण बाकीचे श्रद्धाहीन होते. हाच ग्रंथ असंही सांगतो की दुट्ठगामणीनं शत्रूच्या समाधीला मान देण्याची आज्ञा केली. विसाव्या शतकातल्या राजकारणानं यातलं काय उचललं आणि काय सोडलं, हे कळल्याशिवाय प्रश्न १२ मधली पुस्तकं पुरती उमजत नाहीत.

कँडीहून दंबुल्ल्याकडे जाताना मातळेजवळ अलुविहार लागतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्रिपिटक पहिल्यांदा लेखनबद्ध झालं ते इथं, अशी परंपरा आहे. ताडपत्रावर लेखणीनं कोरून त्यावर काजळी चोळण्याची रीत तिथले भिक्खू करून दाखवतात. मुलांना हे फार आवडतं.

११. चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या रेल्वेत काय वाचावं?

दारात लोंबकळून फोटो काढून झाले की सी. व्ही. वेलुपिल्लै वाचा. मळ्यात जन्मलेला हा कवी, कामगार पुढारी आणि संसद सदस्य. मळ्यांतल्या तमिळ मजुरांचं जगणं त्यांनी इंग्रजीतून मांडलं. ब्रिटिशांनी या लोकांचे पूर्वज तमिळनाडूतून नेले. चहाच्या आधी कॉफीचे मळेही त्यांच्याच श्रमांवर उभे राहिले. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर १९४८ च्या कायद्यानं त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व हिरावलं गेलं. खिडकीतून दिसणाऱ्या लांबट चाळींत ते अजूनही राहतात.

हलकंफुलकं हवं असेल तर कार्ल मुलर यांची 'द जॅम फ्रूट ट्री': रेल्वेत नोकऱ्या करणाऱ्या बर्गर, म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाच्या, कुटुंबाची धमाल गोष्ट. पहिल्या ग्रेशियन पुरस्काराच्या मानकऱ्यांत ती होती. ओंडात्जे यांचं 'रनिंग इन द फॅमिली'ही त्याच समाजाचं, वरच्या थरातलं. त्यात लेखकाचे मद्यपी वडील आणि आगगाड्या यांचे प्रसंग विसरता येत नाहीत.

१२. जाफन्याला जाणार आहे. आधी काय वाचू आणि तिथं काय पाहू?

कोलंबोहून जाफन्याच्या गाडीत अनुक अरुदप्रगासम यांची 'अ पॅसेज नॉर्थ' उघडा. युद्ध संपल्यावर क्रिशन हा तरुण, आजीची काळजी घेणाऱ्या बाईच्या अंत्यविधीसाठी कोलंबोहून उत्तरेला रेल्वेनं निघतो. घटना थोड्या आहेत, विचार लांब लांब वाक्यांत वाहत राहतात. त्यात 'मेघदूता'वर काही सुंदर पानं आहेत. रामटेकच्या टेकडीवर कालिदासाला आठवणाऱ्या वाचकाला ती पानं जाफन्याच्या वाटेवर भेटावीत, यासारखा आनंद नाही.

जाफन्यात पहिलं जायचं ते सार्वजनिक ग्रंथालयात. ३१ मे १९८१ च्या रात्री ते जाळलं गेलं. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि त्यांतली ताडपत्रं राख झाली. त्या ज्वाळांनी तमिळ समाजाचा विश्वास किती जळला, हे व्ही. व्ही. गणेशानंदन यांच्या 'ब्रदरलेस नाइट' (२०२३) मध्ये वाचा. डॉक्टर होऊ पाहणारी शशी, तिचे भाऊ आणि सरकार व वाघ दोघांच्याही हिंसेत सापडलेलं शहर तिथं आहे. पूर्वेकडचे मुस्लिम कवी एम. ए. नुहमान यांनी त्याच घटनेवर तमिळमध्ये कविता लिहिली. तीत बुद्धालाच गोळ्या घालून ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पाडलं जातं. 'लॉस्ट ईव्हनिंग्ज, लॉस्ट लाइव्ह्ज' या द्विभाषिक संग्रहात युद्धकाळातल्या तमिळ कविता एकत्र मिळतात.

आजची पांढरी इमारत पुन्हा बांधलेली आहे. तिथं मुलं परीक्षेचा अभ्यास करत असतात. पर्यटकांना ठरावीक वेळीच आत सोडतात. दारातल्या माणसाला विचारा, आवाज करू नका आणि वाचणाऱ्यांचे फोटो काढू नका.

मराठी वाचकासाठी आणखी दोन नावं: के. डॅनियल आणि डोमिनिक जीवा. जाफन्यातल्या अस्पृश्यतेविरुद्ध डॅनियल यांनी 'पंचमर' ही कादंबरी लिहिली. केशकर्तनाचा घरचा व्यवसाय करणाऱ्या जीवांनी १९६६ पासून 'मल्लिकै' हे मासिक दशकानुदशकं चालवलं. दलित साहित्य वाचत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना जाफन्याची ही बाजू माहीत असायला हवी, कारण 'तमिळ विरुद्ध सिंहली' एवढ्याच चौकटीत ती कुणी दाखवत नाही.

१३. युद्धावरची पुस्तकं सहलीत वाचवत नाहीत. ती टाळली तर चालेल का?

चालेल. सहलीतच वाचली पाहिजेत असं काही नाही. परतल्यावर वाचा. काही पुस्तकं तर मी स्वतः जागेवर वाचू नका असंच सांगतो. सोनाली देरणियगला यांचं 'वेव्ह' त्यांतलं एक. २००४ च्या त्सुनामीत यालच्या किनाऱ्यावर त्यांनी नवरा, दोन्ही मुलं आणि आई-वडील गमावले. ते पुस्तक समुद्रकाठच्या हॉटेलात नको, घरी शांतपणे वाचा.

स्थानिक माणसांना मात्र 'युद्धात तुमचं काय झालं?' असं विचारू नका. तुम्ही काय वाचता, शाळेत कोणती कविता होती, असं विचारा. सांगायचं असेल तर माणूस त्यातूनच सांगू लागतो.

१४. सोबत आठ आणि बारा वर्षांची मुलं आहेत. त्यांच्यासाठी काय?

धाकट्यासाठी सिबिल वेत्तसिंघे यांचं चित्रपुस्तक 'द अम्ब्रेला थीफ'. गावातल्या काकांनी शहरातून आणलेल्या छत्र्या दर वेळी चोरीला जातात आणि चोर कोण ते शेवटी कळतं. चित्रंही त्यांचीच, गॉलकडच्या खेड्यातली. थोरल्यासाठी विक्रमसिंघे यांची 'मडोल दूव' (१९४७): उपाली आणि जिन्ना हे दोन उनाड मित्र घर सोडून एका निर्जन बेटावर वस्ती करतात. हे बेट खरोखरच कोग्गल्याच्या खाजणात आहे आणि होडीनं तिथं जाता येतं. प्रश्न ७ मधल्या संग्रहालयाला जोडूनच हे करा.

१५. राजकीय पुस्तकं जवळ बाळगणं धोक्याचं आहे का?

दुकानात उघडपणे विकली जाणारी पुस्तकं वाचणाऱ्या पर्यटकाला सहसा काही अडचण येत नाही. 'सेव्हन मून्स' कोलंबोच्या दुकानांत दर्शनी भागात असतं. लेखकांचं तसं नाही, हे विसरू नये. शक्तिक सत्कुमार यांना २०१९ साली एका सिंहली कथेसाठी अटक झाली. तरुण मुस्लिम कवी अहनाफ जसीम यांना तमिळ कवितासंग्रहावरून २०२० साली दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलं, दीड वर्षाहून अधिक काळ डांबलं आणि पुढे न्यायालयानं निर्दोष सोडलं. तुम्ही जी पुस्तकं सुट्टीत चाळता, त्यांची किंमत तिथं कुणीतरी मोजत असतं.

बुद्धप्रतिमेबद्दल मात्र पर्यटकांनीही सावध राहावं. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, मुखपृष्ठावर बुद्ध असलेलं पुस्तक जमिनीवर ठेवू नका.

१६. 'चॅट्स विथ द डेड' आणि 'सेव्हन मून्स' ही वेगळी पुस्तकं आहेत का? आणि 'चायनामन'मधला प्रदीप मॅथ्यू खरा गोलंदाज होता का?

पहिली दोन म्हणजे एकच कादंबरी. भारतात २०२० साली आधीचा खर्डा 'चॅट्स विथ द डेड' म्हणून निघाला. परदेशी वाचकांना कळावा म्हणून लेखकानं तो पुन्हा लिहिला, त्याचं 'सेव्हन मून्स' झालं. एकच घ्यायचं तर नवं घ्या. 'चायनामन' ही करुणातिलक यांचीच क्रिकेटवरची कादंबरी आणि तिच्यातला प्रदीप मॅथ्यू काल्पनिक आहे. पण म्हाताऱ्या, दारूत बुडालेल्या क्रीडापत्रकाराचा त्याच्या शोधातला आटापिटा इतका खरा वाटतो की जुने धावफलक तपासायचा मोह होतोच. क्रिकेटवेड्या मित्राला भेट द्यायला यापेक्षा चांगलं पुस्तक नाही.

१७. जुन्या बाजारात पोथी किंवा शंभर वर्षांचं पुस्तक मिळालं. घरी आणता येईल का?

परवानगीशिवाय नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू, दुर्मीळ ग्रंथ आणि ताडपत्रं देशाबाहेर न्यायला राष्ट्रीय अभिलेखागार आणि पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. दुकानदार 'काही होत नाही' म्हणेल, पण विमानतळावर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. खऱ्या जुन्या ताडपत्राचा मोह तर धराच कशाला? ते विहारातून किंवा घरातून बाहेर पडलं आहे, त्याची जागा तिथंच आहे. अलुविहारला नाममात्र देणगी देऊन तुमचं नाव कोरलेली ताडपत्राची नवी पट्टी मिळते, ती खुशाल आणा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या साध्या आवृत्त्यांवर छपाईचं वर्ष पाहून घ्या आणि खरेदीची पावती पुस्तकातच ठेवा.